वळताना दम तोडणारी आठचाकी: दुरुस्तीच्या नोंदी

६ जानेवारी

गाडी आठ चाकांची, उभयचर. व्ही-ट्विन पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, रबरी बेल्टचा सीव्हीटी (दोन पुल्यांचे अर्धे भाग जवळ-लांब सरकवून गिअरचं प्रमाण, म्हणजे रेशो, आपोआप बदलणारी व्यवस्था), त्याच्या मागे हाय, लो आणि रिव्हर्सचा गिअरबॉक्स, आणि त्यातच डिफरन्शियल (दोन्ही बाजूंना जोर वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर). गिअरबॉक्समधून दोन्ही बाजूंना शाफ्ट निघतात. प्रत्येकावर एक डिस्क ब्रेक, आणि पुढे चेन लावून एका बाजूची चारही चाकं एकमेकांना जोडलेली. हँडल उजवीकडे फिरवलं की उजव्या बाजूचा ब्रेक लागतो, डावी चाकं चालत राहतात आणि गाडी उजवीकडे वळते. मॅक्स नावाच्या उभयचर गाड्यांसारख्या, टी-२० जातीचा गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांमध्ये हे काम क्लच आणि बँड करतात. तुमची गाडी तशी असेल तर खालचा ब्रेकचा भाग सोडून द्या, बेल्टचा मात्र वाचा.

तक्रार अशी. सरळ जाताना गाडी मोकळी पळते. वळवायला घेतली की दम तुटतो, इंजिनाचा आवाज खाली जातो, गाडी जागेवर रुतल्यासारखी होते. उजवीकडे वळताना जास्त, डावीकडे कमी. उंच गवतात कधी कधी इंजिन बंदच पडतं. पाण्यात काहीच त्रास नाही. अजून एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तिचा अर्थ आज लागत नाही: सकाळी पहिली काही मिनिटं गाडी बरी वळते.

७ जानेवारी

कुठलाही भाग उघडण्याआधी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारा) बसवला आणि तो हँडलसमोर चिकटवला. पूर्ण दुरुस्तीत सगळ्यात जास्त उपयोग याच वस्तूचा झाला, आणि सगळ्यात कमी खर्चही तिच्यावरच झाला.

वळताना जोर जातो तेव्हा इंजिनाचे फेरे चढतात की पडतात, हे कळल्याशिवाय कुठलाही भाग बदलू नये. फेरे चढत असतील आणि गाडी ओढत नसेल, तर बेल्ट सटकतोय. फेरे पडत असतील, तर एकतर इंजिनावर झेपणार नाही इतका भार येतोय किंवा इंजिनच आजारी आहे. कानाला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतील असं वाटतं, पण आठ टायरांच्या घरघरीत कानाचा भरवसा नाही.

आजचे आकडे (मिनिटाला फेरे), हाय गिअर, पूर्ण थ्रॉटल, कापलेल्या गवताची सपाट जमीन, गाडी गरम:

सरळ: ३५००
डावं वळण: २६००
उजवं वळण: २००० आणि अजून घसरत

म्हणजे बेल्ट सटकत नाहीये. इंजिन दबतंय.

११ जानेवारी

आधी फुकटातलं काम: टायर. या फुगीर टायरांचा दाब अगदी कमी असतो, पीएसआयच्या एका आकड्यात, त्यामुळे मोटारसायकलचा नेहमीचा गेज इथे कामाचा नाही. कमी दाब मोजणारा गेज लागतो. डाव्या बाजूच्या दोन टायरांमध्ये बाकीच्यांच्या जेमतेम निम्मी हवा निघाली.

एका बाजूची चारही चाकं चेनने बांधलेली असल्यामुळे ती सारख्याच फेऱ्यांनी फिरतात. त्यातल्या दोन टायरांचा घेर कमी असेल तर ते सतत जमिनीवर घासत, ओढत चालतात. सरळ जातानाही थोडा जोर तिथेच जातो. मॅन्युअलमधला दाब आठही टायरांत भरला आणि मग टेपने प्रत्येक टायरचा घेर मोजला. फक्त दाब सारखा असून भागत नाही, झिजलेला टायर त्याच दाबाला लहानच राहतो. एक टायर थोडा लहान भरला, तो शेवटच्या अ‍ॅक्सलवर नेला.

चेनचा ताण तपासला. डावीकडची पुढची चेन ढिली होती, ताणून घेतली. ताणताना चाक पूर्ण फेरा फिरवून चेन सगळ्यात घट्ट कुठे लागते ते शोधायचं आणि त्या जागी ढील मोजायची. ढिल्या जागी मोजून ताणली की घट्ट जागी बेअरिंगवर भार येतो.

नवे आकडे: डावं २७००, उजवं २१००. फरक पडला, पण दुखणं हे नाही.

१३ जानेवारी

उजव्या वळणात जास्त त्रास याचा अर्थ तेव्हा चालत असलेली बाजू, म्हणजे डावी, कुठेतरी अडते. डाव्या वळणात डाव्या बाजूचा ब्रेक आपणच लावतो, त्यामुळे तिथला अडथळा लपून जातो.

गाडी स्टँडवर घेतली. जॅक आणि स्टँड लोखंडी चौकटीखालीच लावायचे. खालचं शरीर प्लास्टिकचं असतं, त्यावर वजन टाकलं तर तडा जातो, आणि मग पुढच्या वेळी पाण्यात उतरल्यावर ते कळतं. न्यूट्रलमध्ये दोन्ही बाजूंची चाकं हाताने फिरवून पाहिली. दोन्ही सारखीच फिरली. बेअरिंगचा आवाज नाही, चेन अडकत नाही, डिस्क कॅलिपरला (तिला पॅडने दाबणाऱ्या चिमट्याला) घासत नाही.

ब्रेक ठीक आहेत असं धरून पुढे गेलो. ही तपासणी गाडी रात्रभर उभी असताना केली होती. हे वाक्य मुद्दाम लिहितो आहे, १८ तारखेच्या नोंदीत त्याचं कारण आहे.

१५ जानेवारी

इंधनाकडे वळलो. भाराखाली दबणाऱ्या इंजिनाला पेट्रोल कमी पडत असेल तर ते ओळखायची सोपी रीत: वळणात इंजिन दबायला लागलं की चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) अर्धा ओढायचा. इंजिन सावरलं तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. अजून घुसमटलं तर पेट्रोल पुरेसं आहे. आमचं घुसमटलं.

तरी बाकीचं पाहून घेतलं. टाकीचं झाकण ढिलं करून चालवून पाहिलं, कारण झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की काही मिनिटांनी पेट्रोल येईनासं होतं. फरक नाही. क्रँककेसच्या दाबावर चालणाऱ्या पेट्रोल पंपाची बारीक नळी वाकवून तडे पाहिले. नाहीत. एअर फिल्टर स्वच्छ. ऑइलची पातळी बरोबर. हे शेवटचं अशासाठी की काही इंजिनांना ऑइल कमी झाल्यावर इग्निशन तोडणारा स्विच असतो, आणि वळणात ऑइल एका बाजूला गेलं की तो चुकीच्या वेळी इंजिन बंद करतो.

वळणात थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतो का, हेही पाहिलं. मित्र चालवत होता, मी गव्हर्नरच्या (फेरे पडले की थ्रॉटल आपोआप उघडणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीवर फोनचा कॅमेरा रोखून ठेवला होता. इंजिन दबताच दांडी शेवटपर्यंत जाते. म्हणजे गव्हर्नर आपलं काम करतोय, इंजिन असेल तेवढा जोर देतंय, तरी फेरे पडतात. कार्ब्युरेटरचा किट आधीच मागवला होता, तो फळीवर पडून आहे. चोकची परीक्षा आधी केली असती तर लागलाच नसता. तुम्ही तरी क्रम असा ठेवा.

१८ जानेवारी

सकाळी बरी, नंतर वाईट. पहिल्या दिवशी लिहिलेल्या या गोष्टीकडे परत आलो. गरम झाल्यावरच येणारा दोष थंड गाडीत शोधून सापडत नाही.

अर्धा तास चालवली, मुद्दाम फार वळवली नाही. थांबताक्षणी इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही कॅलिपर मोजले. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. म्हणून आधीच दोन्ही कॅलिपरच्या अंगावर मॅट काळ्या रंगाचा एकेक ठिपका दिला होता. डिस्कला रंग लावू नका.

उजवा कॅलिपर: ४५ अंश
डावा कॅलिपर: ११० अंश

लगेच जॅकवर घेतली. उजवी चाकं एका हाताने फिरतात. डावी चाकं दोन्ही हातांनी कशीबशी. डावा ब्रेक सुटतच नव्हता.

सरळ जातानाही गाडी जराशी डावीकडे ओढायची. ती सरळ ठेवायला चालवणारा नकळत हँडल उजवीकडे धरून ठेवायचा, म्हणजे उजवा ब्रेकही हलका लागलेला. जमीन उतरती असेल असं समजून आम्ही ते सोडून दिलं होतं. तुमची गाडी एका बाजूला ओढत असेल तर तिथूनच सुरुवात करा, वळणापर्यंत थांबू नका.

आता ब्रेक का सुटत नाही ते. इथे घाई करून कॅलिपर बदलायचा मोह होतो. त्याआधी गाडी गरम आणि चाकं जड असतानाच या क्रमाने पाहा. मास्टर सिलिंडरला (हँडल फिरवल्यावर ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरला) जोडलेला पाइपचा नट किंचित ढिला करायचा. तिथे दाबाने ऑइल आलं आणि चाकं मोकळी झाली, तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा त्याचा पिस्टन ढकलणाऱ्या पुश रॉडचा. तिथे काही झालं नाही, पण कॅलिपरवरचा ब्लीडर (ऑइल आणि हवा सोडायचा स्क्रू) उघडल्यावर चाकं सुटली, तर मधली रबरी होज आतून सुजून बंद झाली आहे. ब्लीडर उघडूनही चाकं जडच राहिली, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या पिना अडकल्या आहेत. नट सोडताना खाली चिंधी ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या, ब्रेक ऑइल रंग खातं.

आमच्याकडे पहिल्याच नटाला चाकं सुटली.

२० जानेवारी

हँडलखालचा पत्रा काढला. हँडल मधोमध असताना उजव्या पुश रॉडला मास्टर सिलिंडरच्या पिस्टनपर्यंत थोडी मोकळीक आहे, हाताने हलवला तर टकटक लागतो. डाव्याला अजिबात नाही. उलट पिस्टन किंचित आत दाबलेलाच. रॉडवरच्या नटाला पान्ह्याच्या जुन्या खुणा आहेत, म्हणजे हँडलमधला ढिलेपणा काढायला आधी कोणीतरी हा रॉड लांब केला आहे. हँडल घट्ट लागतं, चांगलं वाटतं, पण ही ढील मुद्दाम ठेवलेली असते.

मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण मागे आल्यावर एक बारीक छिद्र उघडतं. तिथून ऑइल परत ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीत जातं. पिस्टन थोडासाही आत राहिला तर ते छिद्र झाकलेलं राहतं. ब्रेक तापला की ऑइल फुगतं, फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट नाही, पॅड डिस्कवर दाबले जातात, त्याने अजून उष्णता, अजून दाब. सकाळी थंड गाडीला काहीच का होत नाही याचं हे उत्तर.

रॉड आखूड करून उजव्याइतकी मोकळीक दिली, नट घट्ट केला. टाकीचं झाकण उघडं ठेवून हँडल हलकेच फिरवलं तेव्हा ऑइलमध्ये छोटी उसळी दिसली. ती दिसली म्हणजे छिद्र उघडं आहे. उष्णतेने काळं पडलेलं ऑइल काढून नवं भरलं, हवा काढली. डावे पॅड चकाकून काचेसारखे झाले होते, ते बदलले. डिस्क सरळ होती. भाग म्हणून खर्च फक्त पॅड आणि ऑइलचा.

२१ जानेवारी

अर्धा तास चालवून मोजलं. दोन्ही कॅलिपर साधारण सारखे. डावं वळण २७००, उजवं वळण २७००. दोन्ही बाजू सारख्या झाल्या याचा आनंद आहे, पण ३५०० वरून २७०० वर येणं अजून जास्तच वाटतं.

इथे थोडा हिशोब करावा लागला, कारण काही तूट तर राहणारच. डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. एक बाजू ब्रेकने पूर्ण धरली की तिच्या वाट्याचा जोर ब्रेकवर जाऊन अडतो. मोकळी बाजू दुप्पट वेगाने फिरते, पण तिच्याकडे जोर एकूणाच्या निम्माच. आणि नेमकं तेव्हाच आठ टायर आडवे घासायचे असतात. म्हणून हाय गिअरमध्ये कडक वळण घेताना कुठलीही अशी गाडी थोडी दबणारच. पाण्यात टायर घासायला जमीनच नसते, म्हणून तिथे त्रास नव्हता.

लो गिअरला हीच वळणं घेतली: ३३००. इंजिनात जोर आहे. मग हाय गिअरमध्ये सीव्हीटी स्वतःहून खाली का येत नाही? भार वाढला की बेल्टने आपसूक खालच्या रेशोला यायला हवं, सीव्हीटीचं कामच ते.

दुसरी खूणही मिळाली. उभ्या गाडीपासून वळत सुटलो तर जोर भरपूर. पळत्या गाडीतून वळायला घेतलं तर दबते. उभ्या गाडीत बेल्ट आधीच खालच्या रेशोत असतो. पळत्या गाडीत तो वर गेलेला असतो आणि तिथेच अडकून राहतो.

२५ जानेवारी

बेल्टचं कव्हर काढलं. इंजिन बंद, चावी खिशात. कव्हर काढून इंजिन चालू करून बघायचा मोह आवरा, तुटलेला बेल्ट हात फोडतो.

मागची, म्हणजे गिअरबॉक्सवरची पुली हाताने उघडून सोडली. चांगली पुली स्प्रिंगच्या जोराने खटकन मिटते. ही सावकाश आली आणि पूर्ण मिटायच्या आधी थांबली. मग पुलीच्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक रेघ मारली, कव्हर लावून गाडी पळवली, पळत्या गाडीत वळण घेतलं, वळणातच इंजिन बंद केलं आणि कव्हर काढलं. बेल्ट अजून खोल, मध्याजवळ बसलेला. भाराखाली तो कडेकडे चढून यायला हवा होता.

पुली काढून उघडली. हे करताना दोन गोष्टी जपा. स्प्रिंग दाबून आणि पीळ देऊन बसवलेली असते, नुसती क्लिप काढली तर झाकण उडतं. लांब बोल्ट आणि दोन वॉशरांनी ती धरून हळूहळू सोडली. आणि स्प्रिंगचं टोक कुठल्या छिद्रात होतं त्याचा फोटो आधी घ्या. छिद्र बदललं की पीळ बदलतो, आणि गाडीची चाल पूर्ण वेगळी होते.

आत: सरकत्या अर्ध्या भागाच्या बुशवर गंज आणि बेल्टची काळी भुकटी घट्ट बसलेली. तिरप्या रॅम्पवर घसरणारी नायलॉनची तीनही बटणं झिजून त्यांना खाचा पडलेल्या. भार आला की हीच बटणं रॅम्पवर चढून पुली मिटवतात. खाचेत अडकली की चढत नाहीत.

गंजाचं मूळही सापडलं. कव्हरच्या खालच्या कडेची रबरी पट्टी एका जागी निघून गेली आहे. दरवेळी पाण्यातून आल्यावर हलमध्ये (गाडीच्या खालच्या प्लास्टिकच्या शरीरात) साठलेलं पाणी तिथून पुलीवर उडत असणार.

१ फेब्रुवारी

बटणं आणि स्प्रिंग आली. जुनी स्प्रिंग नवीपेक्षा उंचीला स्पष्ट कमी. शाफ्ट आणि रॅम्प बारीक पॉलिश पेपरने, पाणी न वापरता साफ केले, पुलीची तोंडं अल्कोहोलने पुसली. बुशला ग्रीस लावलं नाही. मॅन्युअलमध्ये कोरडंच ठेवायला सांगितलं आहे, आणि ग्रीस उडून बेल्टवर गेलं तर वेगळंच दुखणं सुरू होतं.

बेल्टची रुंदी मापाच्या कॅलिपरने चार जागी मोजली. एका जागी तो बाकीच्यापेक्षा अरुंद, वर जळल्यासारखा चकाकणारा. गाडी अडकलेली असताना थ्रॉटल दाबून धरला की पुढची पुली एकाच जागी घासते, ती ही खूण. बेल्ट बदलला. बाणाची दिशा जुळवून बसवला.

दोन पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टीने पाहताना इंजिन पहारीने जरा हलवून पाहिलं. इंजिन ज्यांवर बसतं त्यातलं मागचं डावं रबरी माउंट चिरलेलं निघालं. भार आला की इंजिन तिकडे कलत असणार आणि बेल्ट ढिला पडत असणार. हा भाग आमच्या यादीत नव्हता. तो आता मागवावा लागला, आणि त्यात आठवडा गेला. तुम्ही पुली उघडायच्या आधीच माउंट पहारीने हलवून पाहा, म्हणजे सगळे भाग एकदम मागवता येतील.

८ फेब्रुवारी

माउंट बदललं, रेष जुळवली, कव्हरला नवी पट्टी लावली. नवा बेल्ट पहिल्या दिवशी दामटू नये, म्हणून हलक्या थ्रॉटलने चालवून बसू दिला.

९ फेब्रुवारी

तीच जमीन, गाडी गरम, पूर्ण थ्रॉटल, हाय गिअर:

सरळ: ३५००
डावं वळण: ३२००
उजवं वळण: ३२००

वळणात फेरे एकदा खाली येतात, सीव्हीटी खाली सरकल्याचं जाणवतं, आणि लगेच इंजिन परत वर चढतं. उंच गवतात बंद पडली नाही.

चालवण्याच्या पद्धतीचाही फरक मोजला. लांब वळणात हँडल अर्धवट धरून ठेवलं तर आतल्या बाजूचा कॅलिपर ९० अंशांच्या वर गेला. तेच वळण थोडं वळवा, पूर्ण सोडा, परत वळवा असं घेतलं तर ६० च्या आसपास राहिला. अर्धवट लागलेला ब्रेक इंजिनाचा जोर सतत उष्णतेत घालवतो. कडक वळण असेल तर आधी थांबून लो गिअर घालायचा.

२२ फेब्रुवारी

पाण्यात नेली, बाहेर काढली, हलचे तळाचे बूच उघडून पाणी सोडलं. बेल्टचं कव्हर उघडून पाहिलं: आत कोरडं. पुली खटकन मिटते. ओले ब्रेक पहिल्या एक-दोन वळणांना कमी लागतात, ते तसंच असतं, थोडं चालल्यावर सुकतात.

डाव्या पुश रॉडच्या नटावर रंगाची रेघ मारून ठेवली आहे. रेघ सरकलेली दिसली की नट फिरला असं समजायचं. शेवटच्या अ‍ॅक्सलवरचा झिजलेला टायर अजून बदलायचा आहे, आणि डावी पुढची चेन ताणणीच्या शेवटाला आली आहे, त्यामुळे ती स्प्रॉकेटसकट काढावी लागेल. त्या कामाच्या नोंदी वेगळ्या ठेवतो.